कॅमेरा निवडावा कसा?



गेल्या जून महिन्यात दहावीच्या वर्गातील एका मुलाचे वडील त्यास घेऊन आम्हांस भेटावयास आले. त्यांच्या हाती एका कॅमेऱ्याची रंगीत जाहिरात होती. ते म्हणाले, "सर, ह्याने हाच कॅमेरा पाहिजे असा हट्ट धरला आहे. पतपेढीतून कर्ज काढावे काय, ते आपणच सांगा." आम्ही मुलास विचारले, "बाळ, तुला चित्रे कशाची घ्यावयाची आहेत?" तो क्षणभर घुटमळला व म्हणाला, "सर, ह्याच कंपनीचा कॅमेरा सगळ्यांत चांगला असतो." आम्ही विचारले होते एक आणि उत्तर आले दुसऱ्याच प्रश्नाचे.

हा दोष त्या एकट्याचा नव्हे. नावाची मोहिनी जुनी आहे. अमेरिकेत जॉर्ज ईस्टमन ह्यांनी १८८८ साली आपला 'कोडॅक' कॅमेरा विक्रीस काढला. 'कोडॅक' ह्या शब्दास कोणत्याही भाषेत काही अर्थ नव्हता. 'के' हे अक्षर ईस्टमन ह्यांस आवडे, म्हणून त्यांनी तो नवाच घडविला. तथापि त्या नावामागे एक खरी सोय होती. शंभर चित्रांची फिल्म आत भरूनच तो कॅमेरा मिळे, आणि रासायनिक धुलाईची कटकट कारखाना पत्करी. ज्यास ती विद्या येत नव्हती, त्याची गरज त्याने भागविली. पुढे १९०० साली त्याच कंपनीने एक डॉलर किमतीचा 'ब्राउनी' काढला, तो लहान मुलांसही घेता येऊ लागला. म्हणजे आधी गरज आणि मग नाव, असा हा क्रम आहे. आपण मात्र तो उलटा करितो.

आम्ही त्या मुलास एक कोरी वही दिली व सांगितले, "आठ दिवस आईच्या फोनवर चित्रे घे. जे चित्र मनासारखे आले नाही, ते का बिघडले एवढेच ह्या वहीत लिही." कर्जाची गोष्ट आठ दिवस लांबणीवर पडली.

आठव्या दिवशी वही आली. अंगणातली, मैदानावरची, भर उजेडातली चित्रे उत्तम निघाली होती. त्यांबद्दल तक्रार नव्हती. तक्रारी दोनच, पण पुनःपुन्हा लिहिलेल्या: संध्याकाळी स्वयंपाकघरात भाकरी थापणाऱ्या आजीचे हात पुसट येतात, आणि सायंकाळच्या कबड्डीत चढाई करणारा गडी नुसता डाग होऊन उमटतो. त्याची गरज आता कागदावर उतरली होती: कमी उजेड, हालते माणूस आणि जवळचे अंतर.

मग आम्ही जाहिरात पुढे घेतली. तीत मोठ्या अक्षरांत छापले होते मेगापिक्सेल, म्हणजे चित्रातील दशलक्ष बिंदूंची संख्या. ह्याचा हिशेब सोपा आहे. चार इंच रुंद व सहा इंच लांब अशा छापील चित्रास दर इंची ३०० बिंदू धरले, तर १२०० गुणिले १८००, म्हणजे सुमारे २२ लाख बिंदू पुरतात. ए-४ आकाराच्या कागदासही सुमारे ८७ लाख पुष्कळ झाले. भिंतभर चित्र छापावयाचे नसेल, तर ह्याहून फार मोठ्या संख्येसाठी अधिक पैसे मोजण्याचे कारण उरत नाही. शिवाय बिंदू कितीही वाढविले, तरी हललेला हात स्थिर होत नाही.

त्याचा इलाज भिंगात आहे. भिंगाच्या छिद्राचा आकार 'एफ' ह्या अक्षरापुढील अंकाने सांगतात. अंक जितका लहान, तितके छिद्र मोठे. कॅमेऱ्याबरोबर मिळणाऱ्या साध्या भिंगाचा हा अंक ४.५ असला व दुसऱ्या भिंगाचा १.८ असला, तर ४.५ भागिले १.८ म्हणजे २.५. त्याचा वर्ग ६.२५. म्हणजे दुसऱ्या भिंगातून सव्वासहा पट उजेड आत येतो. जेथे शटर सेकंदाचा चाळीसावा भाग उघडे ठेवावे लागे, तेथे आता अडीचशेवा भाग पुरतो. एवढ्या अल्प काळात आजीचा हात फारसा हलत नाही.

तेव्हा ठरले ते असे: जुना, वापरलेला पण सुस्थितीतील कॅमेरा आणि त्यास ३५ मिलिमीटरचे, एफ १.८ चे एक भिंग. जुनी वस्तू घेताना भिंग उजेडासमोर धरून आत बुरशीचे जाळे नाही ना, हे आम्ही पाहून घेतले. आपल्याकडील पावसाळी दमट हवेत हा रोग फार. सारा खर्च जाहिरातीतील किमतीच्या तिसऱ्या हिश्शाहून कमी झाला. कर्ज काढावे लागले नाही, आणि धाकट्या बहिणीच्या फीसाठी बाजूस ठेवलेली रक्कम जागच्या जागी राहिली.

परंतु विद्यार्थ्यांनो, ही कथा ऐकून उद्या सर्वांनी तेच भिंग मागू नये. ज्यास झाडाच्या शेंड्यावरील पक्षी टिपावयाचा आहे, त्यास ते कुचकामाचे. त्यास ३०० किंवा ४०० मिलिमीटरचे लांब भिंग हवे. ज्यास गडकोट चढावयाचे आहेत, त्याने आधी वजन पाहावे. आणि ज्यास सहलीची व घरच्या समारंभाची चित्रे पुरेत, त्याच्या घरी असलेला फोन बहुधा पुरेसा आहे. त्याने काहीच विकत घेऊ नये.

पालकांसही आमची एक विनंती आहे. मुलाने हट्ट धरला असता एकदम 'हो' म्हणू नये आणि एकदम 'नाही'ही म्हणू नये. त्याच्या हाती एक वही द्यावी. आठ दिवसांनी पाने कोरी राहिली, तर हट्ट आपोआप ओसरेल. भरली, तर काय घ्यावयाचे ते त्या पानांतच लिहिलेले सापडेल. येत्या सुट्टीत ज्या कोणास कॅमेरा घ्यावयाचा असेल, त्याने आमच्याकडे खुशाल यावे. मात्र येताना जाहिरात घरी ठेवावी व वही आणावी.