जशास तसे, पण आधी साथ : कॉम्प्युटरच्या एका स्पर्धेचा अभ्यास



पावसाळी बंदीमुळे बोटी किनाऱ्याला आहेत, हातात थोडा वेळ आहे. म्हणून आजचा अभ्यास जरा लांबीचा घेतलाय. विषय कॉम्प्युटरचा असला तरी घाबरू नका, बेरीज येत असली की पुरे. वही-पेन घेऊन बसा आणि घरातल्या शाळा-कॉलेजच्या मुलांनाही शेजारी बसवा.

प्रश्न साधा आहे. वर कुणी पोलीस नाही, पंच नाही, लेखी करार नाही. अशा वेळी दोन माणसांनी एकमेकांवर भरवसा ठेवावा की आधीच दगा देऊन मोकळं व्हावं? यावर उपदेश भरपूर ऐकलेत. पण अमेरिकेतल्या एका प्राध्यापकांनी उपदेश न करता चक्क स्पर्धा लावली आणि हिशेब मांडला. तो हिशेब आज आपण हाताने करून बघू.

१) खेळ कसा आहे

या खेळाला कैद्यांचा पेच म्हणतात. १९५० साली अमेरिकेतल्या रँड कॉर्पोरेशनमध्ये मेरिल फ्लड आणि मेल्विन ड्रेशर यांनी तो मांडला आणि अल्बर्ट टकर या गणितज्ञाने त्याला वेगवेगळ्या कोठडीतल्या दोन कैद्यांची गोष्ट जोडली. आपण कैदी बाजूला ठेवू, नुसते गुण बघू.

दोन खेळाडू. प्रत्येकाने एकाच वेळी, दुसऱ्याला न सांगता एक शब्द निवडायचा : साथ किंवा दगा.

दोघांनी साथ दिली : प्रत्येकी ३ गुण.
एकाने साथ दिली, दुसऱ्याने दगा : साथवाल्याला ०, दगावाल्याला ५.
दोघांनी दगा दिला : प्रत्येकी १ गुण.

आता विचार करा. समोरचा साथ देणार असेल तर मला साथीचे ३ आणि दग्याचे ५. समोरचा दगा देणार असेल तर मला साथीचा ० आणि दग्याचा १. म्हणजे तो काहीही करो, माझा फायदा दग्यातच दिसतो. पण तोही असाच विचार करणार. शेवटी दोघेही दगा देतात आणि एकेक गुण घेऊन घरी जातात, जिथे तीन-तीन मिळू शकले असते. पेच तो हाच.

२) पुन्हा पुन्हा खेळलं तर

वरचं गणित एकाच भेटीचं झालं. पण लिलावावर आज फसवलेला माणूस उद्याही समोर उभा असतो. तोच खेळ त्याच दोघांत शेकडो वेळा झाला आणि मागचं सगळं दोघांनाही आठवत असलं, तर हिशेब बदलतो. आजच्या दग्याची किंमत उद्या मोजावी लागते.

मिशिगन विद्यापीठातले राज्यशास्त्राचे प्राध्यापक रॉबर्ट ॲक्सेलरॉड यांना हेच बघायचं होतं. त्यांनी जाणकारांना सांगितलं, तुम्ही स्वतः खेळू नका, तुमच्या डावपेचाचा प्रोग्राम लिहून पाठवा. मानसशास्त्र, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, गणित आणि समाजशास्त्र या पाच विषयांतल्या मंडळींकडून १४ प्रोग्राम आले. त्यात कसंही, नाणं उडवल्यासारखं खेळणारा एक प्रोग्राम त्यांनी स्वतः घातला. प्रत्येकाची गाठ प्रत्येकाशी आणि स्वतःच्या नकलेशीसुद्धा. एक सामना २०० खेळींचा.

काही प्रोग्राम फार लांबलचक आणि हुशार होते, समोरच्याचा अंदाज बांधणारे. पण जिंकला सगळ्यांत आखूड प्रोग्राम. तो टोरोंटो विद्यापीठाच्या अनातोल रापोपोर्ट यांनी पाठवला होता. नाव : जशास तसे. पहिल्या खेळीला साथ द्यायची, नंतर समोरच्याने मागच्या खेळीला जे केलं तेच करायचं. बस्स, एवढंच. त्याची सरासरी सामन्याला ५०४.५ गुण पडली.

निकाल १९८० साली छापून आला. तो सगळ्यांना कळवून ॲक्सेलरॉडनी दुसरी स्पर्धा घेतली. या वेळी सहा देशांतून ६२ प्रोग्राम आले. पाठवणाऱ्यांत प्राध्यापक होते आणि दहा वर्षांचं एक पोरही होतं. जशास तसे जिंकलंय हे सगळ्यांना ठाऊक होतं, त्याला हरवायला माणसं तयारीनं आली होती. तरी पुन्हा पहिला नंबर त्याचाच.

३) प्रोग्राम लिहायचा म्हणजे काय

मुलांनो, इथे लक्ष द्या. या खेळाच्या प्रोग्रामला आत दोन याद्या मिळतात : माझ्या आजवरच्या खेळी आणि त्याच्या आजवरच्या खेळी. त्याने बाहेर एकच शब्द द्यायचा, साथ की दगा. चार डावपेच लिहून बघू.

भोळा : काहीही झालं तरी साथ.
लबाड : काहीही झालं तरी दगा.
जशास तसे : त्याची यादी रिकामी असेल तर साथ, नाहीतर त्याच्या यादीतला शेवटचा शब्द.
रुसवा : त्याच्या यादीत एकदाही दगा आला असेल तर दगा, नाहीतर साथ. म्हणजे एकदा बिनसलं की कायमचं.

मग एक मुख्य प्रोग्राम लागतो. तो दोघांना समोरासमोर बसवतो, प्रत्येक खेळीला दोघांचे शब्द घेतो, गुण देतो, याद्यांत भर टाकतो. पायथनमध्ये हे सगळं एका पानात बसतं.

४) आता हाताने

दहा खेळींचे सामने घेऊ. दोघांपैकी कुणीच आधी दगा देणारा नसेल तर दहाही वेळा साथ, म्हणजे ३०-३०.

लबाड विरुद्ध भोळा : लबाडाला ५०, भोळ्याला ०.
लबाड विरुद्ध जशास तसे : पहिल्या खेळीत ५-०, पुढच्या नऊ खेळींत १-१. लबाडाला १४, जशास तसेला ९.
लबाड विरुद्ध रुसवा : तसंच, १४ आणि ९.
लबाड विरुद्ध लबाड : १०-१०.

स्वतःच्या नकलेशी झालेला सामना धरून प्रत्येकाची बेरीज :

जशास तसे : ३० + ९ + ३० + ३० = ९९
रुसवा : ३० + ९ + ३० + ३० = ९९
भोळा : ३० + ० + ३० + ३० = ९०
लबाड : ५० + १० + १४ + १४ = ८८

नीट बघा. लबाड दुसऱ्या कुणाशीही हरला नाही, समोरासमोर प्रत्येकाला त्याने मागे टाकलं. तरी एकूण बेरजेत तो शेवटचा. जशास तसेचं उलट आहे. तो एकाही सामन्यात समोरच्यापेक्षा जास्त गुण घेत नाही, घेऊच शकत नाही, कारण आधी दगा तो कधीच देत नाही. तरीही वर राहतो, कारण समोरच्याबरोबर मिळून कमावतो.

आता याच खेळात आणखी एक भोळा घाला. पुन्हा बेरीज करा : लबाड १३८, जशास तसे आणि रुसवा १२९, दोन्ही भोळे १२०. लबाड एकदम पहिला! यातली गोम समजून घ्या. सगळं निमूट सोसणारा माणूस स्वतःचं तर नुकसान करतोच, पण लबाडाला पोसून बाकीच्या प्रामाणिक माणसांचंही करतो. चांगुलपणा पाहिजे, पण दग्याला तिथल्या तिथे उत्तरही पाहिजे.

५) कोण वर गेले, कोण खाली

पहिल्या स्पर्धेत वरचे आठही प्रोग्राम आपणहून आधी दगा न देणारे होते. पण त्या आठांतही रुसव्यासारखा, म्हणजे कधीच माफ न करणारा प्रोग्राम मागे पडला.

जॉस नावाचा प्रोग्राम जशास तसेसारखाच खेळायचा, फक्त दहातून एखाद्या वेळी हळूच दगा द्यायचा. दोघांची गाठ पडली तेव्हा पाच खेळी सुरळीत गेल्या, सहाव्याला जॉसने दगा दिला. जशास तसेने सातव्याला परतफेड केली, जॉसने आठव्याला. असं आलटून-पालटून चाललं. पंचविसाव्या खेळीला जॉसने आणखी एक खोडी काढली आणि तिथून शेवटपर्यंत दोघांचाही दगाच दगा. निकाल २३६-२४१. जॉस पाच गुणांनी पुढे राहिला खरा, पण दोघांनी साथ दिली असती तर प्रत्येकी ६०० होते. पाच गुणांची चलाखी साडेतीनशे गुणांना पडली.

६) ऐकण्यात चूक झाली तर

जशास तसे निर्दोष नाही. समजा दोघेही तसेच आहेत आणि एकाने दिलेली साथ दुसऱ्याला दगा वाटली. झालं, आता एकदा हा परतफेड करणार, एकदा तो. कुणाचाच हेतू वाईट नाही, पण भांडण थांबत नाही. वायरलेसवर अर्धवट ऐकलेल्या एका वाक्यावरून दोन घरांत वर्षानुवर्षं अबोला राहतो, तशातली गत.

यावर मार्टिन नोवाक आणि कार्ल सिगमंड यांनी १९९२ साली उदार जशास तसे मांडलं. साथीला नेहमी साथ, पण दग्याला कधी कधी माफी. वरच्या गुणांनुसार माफीचं प्रमाण तीनातून एकदा निघतं. त्याहून जास्त माफी दिली तर पुन्हा लबाडाचं फावतं.

आणि २००४ च्या स्पर्धेची गंमत बघा. इंग्लंडमधल्या साउथहॅम्प्टन विद्यापीठाच्या गटाने ६० प्रोग्राम घातले. ते ठरलेल्या खेळी करून एकमेकांना ओळखायचे, मग एक जण मुद्दाम हरून दुसऱ्याला गुण द्यायचा. पहिले तीन नंबर त्यांचे आले. उरलेले त्यांचेच कितीतरी तळाला गेले. गटबाजीने नंबर येतो, पण कुणाच्या जिवावर, तेही दिसतं.

७) हे आपल्याला कितपत लागू

जपून लावा. हा खेळ दोघांचा आहे. समुद्रावर शेकडो जण असतात. एकाने लहान आसाचं जाळं टाकलं म्हणून आपणही टाकलं तर ती त्याला शिक्षा होत नाही, सगळ्यांच्याच मासळीचं नुकसान होतं. अनेकांच्या खेळात नियम, देखरेख आणि नेमक्या त्याच माणसाला लागणारा दंड लागतो. पण दोघांच्या व्यवहारात, म्हणजे मालक-खलाशी, बोटवाला-व्यापारी, शेजारी-शेजारी, ॲक्सेलरॉडच्या चार गोष्टी चालतात : दुसऱ्याच्या गुणांवर डोळा ठेवू नका, आधी दगा देऊ नका, साथ आणि दगा दोन्हींची परतफेड करा, आणि फार हुशारी करू नका. समोरच्याला तुमचा नियम कळला पाहिजे, तरच तो तुमच्याशी सरळ वागेल.

मुलांसाठी घरचा अभ्यास :
१. सलग दोनदा दगा आला तरच उलट दगा देणारा पाचवा खेळाडू लिहा. लबाडाशी दहा खेळींत त्याला किती गुण पडतात? (उत्तर : ८, लबाडाला १८.)
२. सामना बरोबर दहा खेळींचा आहे हे दोघांना आधीच माहीत असेल, तर शेवटच्या खेळीला काय करावंसं वाटेल? मग नवव्या खेळीला? दुसऱ्या स्पर्धेत ॲक्सेलरॉडनी सामन्याची लांबी गुप्त का ठेवली, हे त्यातून आपोआप कळेल.

वही पुरी झाली की मोठ्यांनाही दाखवा.


सचिव, संस्थेच्या वतीने