सायकलस्वार विद्यार्थ्यांसाठी चार धडे



आम्ही बँकेत रोखीच्या खिडकीवर बसतो. मागे एकदा ऐन मार्च महिन्यात एका मजूर बापाने मुलीच्या कॉलेजसाठी साठविलेली रक्कम काढली, ती दवाखान्यासाठी. मुलीने दप्तर हँडलला टांगले होते. वळताना त्याचा बंद पुढच्या चाकात अडकला, मुलगी पडली व उजवा हात मोडला. दहावीचे पेपर तिला लेखनिकाकडून लिहून घ्यावे लागले. म्हणून पहिला धडा हाच : दप्तर पाठीवर किंवा कॅरिअरला घट्ट बांधावे, ओढणी आवरून घ्यावी.

दुसरा धडा दिसण्याचा. ताशी १५ किलोमीटर वेगाची सायकल एका सेकंदात सुमारे ४ मीटर जाते, तर ताशी ६० किलोमीटरने येणारा ट्रक जवळजवळ १७ मीटर. चालकाचा पाय ब्रेकवर पडेपर्यंतच एवढे अंतर संपते. तेव्हा आपण त्याला लांबूनच दिसले पाहिजे. मागे लाल रिफ्लेक्टर, पुढे दिवा आणि अंगात फिकट रंगाचा सदरा हवा. अभ्यासिकेतून रात्री परतणाऱ्यांनी यात हयगय करू नये.

तिसरा धडा ब्रेकचा. निघण्यापूर्वी दोन्ही ब्रेक दाबून पाहावेत. उतारावर एकटा पुढचा ब्रेक करकचून दाबल्यास मागचे चाक उचलले जाते. म्हणून दोन्ही मिळून, बेताने दाबावेत. पावसात ओल्या रिमवर ब्रेकचे रबर घसरते, तेव्हा वेग आधीच कमी ठेवावा.

चौथा धडा रस्त्याचा. डाव्या बाजूने, एकामागे एक चालावे. वळण्याआधी मागे पाहून हात दाखवावा. डावीकडे वळणाऱ्या ट्रकच्या किंवा एस.टी.च्या डाव्या अंगाला कधीही शिरू नये. वळताना तिची मागची चाके आत येतात आणि तो कोपरा चालकाला नीट दिसत नाही. हेल्मेट असल्यास त्याचा पट्टा हनुवटीखाली बांधावा.

पालकांनाही एक विनंती. पुढे उपयोगी पडेल म्हणून मुलाला उंच सायकल घेऊ नये. सीटवरून त्याचे पाय जमिनीला टेकले पाहिजेत.

सभासद बंधू-भगिनींनो, दर रविवारी सभागृहात आपण जमतोच. त्या दिवशी अंगणातल्या सायकलींचे ब्रेक व रिफ्लेक्टर तपासण्याचे काम दोघा-तिघांनी अंगावर घ्यावे. शिकण्यासाठी घराबाहेर पडलेले मूल सुखरूप परतावे, ही जबाबदारी आपणा सर्वांची आहे.