विळ्याची पेशी आणि साखरेचा आकडा

गडचिरोली-चंद्रपूरच्या जंगलपट्ट्यात सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार अनेक घरांत आढळतो. हीमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते, बिघाड एवढाच! प्राणवायू कमी पडला की असे रेणू एकमेकांना चिकटून लांब दोरे बनतात आणि वाटोळी तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. ती बारीक रक्तवाहिनीत अडकली म्हणजे सांध्यांत, पाठीत असह्य कळा येतात. आईवडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक अपत्याला हा रोग होण्याचा संभव चारांत एक.

काही रुग्णांना वारंवार रक्त द्यावे लागते. त्यातले लोह शरीरात साठते. ते स्वादुपिंडात साचले तर मधुमेहही जडू शकतो. मग घोटाळा होतो तो चाचणीत. गेल्या तीन महिन्यांतील साखरेची सरासरी सांगणारी चाचणी हीमोग्लोबिनला चिकटलेली साखर मोजते. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, सिकलसेल रुग्णाची जेमतेम १० ते २०. रंगाच्या पातेल्यातून कापड लगेच बाहेर काढले तर रंग फिकाच चढणार, तसेच हे. आकडा कमी येतो, रुग्ण निर्धास्त होतो, आणि इकडे डोळे व मूत्रपिंडे बिघडत राहतात. असा अहवाल नसलेलाच बरा!

म्हणून अशा रुग्णाची साखर उपाशीपोटी व जेवणानंतर थेट रक्तातच मोजतात. नुकतेच रक्त दिले असेल, तर ती तीन महिन्यांची चाचणी रक्तदात्याचीही साखर मोजून बसते.