उमेदवाराचा हिशेब व लोकांचा संशय

निवडणुकीत पैसा किती खर्च झाला, तो कोठून आला आणि कोणाच्या हाती गेला, हे तीन प्रश्न आपल्या इकडे चावडीवर, एस. टी. च्या थांब्यावर व चहाच्या दुकानात नेहमी निघतात. आणि त्यांची उत्तरेही बहुधा विचारणारेच देऊन टाकतात. पुणे-सातारा रस्त्यावरील शिवरे घ्या, की वेल्ह्याच्या डोंगरातील एखादी वाडी घ्या. मतदानाच्या आदल्या आठवड्यात कोणी किती वाटले याचे आकडे तोंडोतोंडी फिरत असतात. त्या आकड्यांचा खरेखोटेपणा ठरविण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश नाही. तो ताडून पाहण्याचे एक साधन कायद्याने प्रत्येक नागरिकाच्या हाती दिलेले आहे व ते पुष्कळांस ठाऊकच नाही, एवढेच आम्हांस दाखवावयाचे आहे.

प्रथम एक अलीकडील उदाहरण घेऊ. भोर आणि वेल्हे (ज्या तालुक्यास राजगड असे नाव देण्यात आले आहे) हे दोन्ही तालुके लोकसभेच्या बारामती मतदारसंघात मोडतात. तेथे ७ मे २०२४ रोजी मतदान झाले. आदल्या रात्री वेल्हे येथील जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेची शाखा मध्यरात्र उलटून गेल्यावरही उघडी असल्याची तक्रार झाली. एका पक्षाने मतदारांस पैसे वाटले जात असल्याचा आरोप केला, दुसऱ्याने तो नाकारला, आणि पोलिसांनी शाखेच्या व्यवस्थापकावर गुन्हा नोंदविला. आता विद्यार्थ्यांनी येथे थोडे थांबून विचार करावा. शाखा अवेळी उघडी असणे ही एक गोष्ट. तीतून पैसे निघणे ही दुसरी. आणि ते मतदाराच्या हाती पडणे ही तिसरी. आरोपाच्या भरात ह्या तिन्ही गोष्टी एक होऊन जातात. गुन्हा नोंदविला म्हणजे तो सिद्ध झाला असे नव्हे. पण सिद्ध झाला नाही म्हणून लोकांच्या मनातील संशय जातो असेही नव्हे. संशय हा पुराव्यावाचून जगू शकतो, आणि हीच त्याची खोड आहे.

ह्या संशयावर उपाय म्हणून राज्यकर्त्यांनी जी युक्ती काढली ती अगदी साधी आहे. ती म्हणजे उमेदवाराकडून हिशेब मागणे. विलायतेत एके काळी मतांची खरेदी उघड्या बाजारासारखी चाले. सफोक परगण्यातील सडबरी नावाच्या शहरात लाचलुचपत इतकी बोकाळली की १८४४ साली पार्लमेंटने त्या शहराचा प्रतिनिधी पाठविण्याचा हक्कच काढून घेतला. पुढे १८८३ च्या कायद्याने तेथे प्रत्येक उमेदवाराच्या खर्चास मर्यादा घातली व खर्चाचे पत्रक सादर करणे आवश्यक केले. तोच विचार हिंदुस्थानात १९२० च्या कायद्याने आला. निवडणुकीचा हिशेब न ठेवणे हा भारतीय दंडसंहितेत अपराध ठरला व त्यास पाचशे रुपयांपर्यंत दंड सांगितला. १९२० मधील पाचशे रुपये ही लहान रक्कम नव्हती. परंतु तोच आकडा १ जुलै २०२४ रोजी भारतीय न्याय संहिता अमलात येईपर्यंत कायम राहिला! नव्या संहितेत तो पाच हजार झाला आहे. शंभर वर्षांत कोणास तो बदलावासा वाटला नाही, यावरून ह्या कलमाचा धाक किती असेल हे ज्याचे त्याने ताडावे. त्याच प्रकरणात लाच देणाऱ्याबरोबर लाच घेणारा मतदारही अपराधी धरला आहे, ही गोष्ट मात्र चहाच्या दुकानातील चर्चेत सहसा निघत नाही.

स्वराज्यात ह्या विषयाचा मुख्य कायदा म्हणजे १९५१ चा लोकप्रतिनिधित्व कायदा. त्यातील ७७ व ७८ ह्या कलमांप्रमाणे उमेदवाराने आपल्या खर्चाचा स्वतंत्र व खरा हिशेब ठेवावा आणि निकालापासून तीस दिवसांच्या आत तो जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यावा. जिंकलेल्याने द्यावा तसा हरलेल्यानेही द्यावा. जो वेळेत व विहित रीतीने देत नाही, त्यास निवडणूक आयोग तीन वर्षांपर्यंत अपात्र ठरवू शकतो. प्रत्येक बाबीची पावती जोडावयाची असते. टपाल व रेल्वेप्रवास यांसारख्या, जेथे पावती मिळणे कठीण, अशा बाबींना तेवढी सूट आहे. जिल्ह्याजिल्ह्यात अधिकारी दरपत्रक ठरवितात. चहाचा पेला केवढ्याला, खुर्चीचे भाडे किती, मांडव, ध्वनिक्षेपक व मोटार यांचे काय, हे सर्व त्यात असते. मग सरकारी पथक सभांचे चित्रण करते, खुर्च्या मोजते, आणि उमेदवाराच्या वहीस समांतर अशी आपली दुसरी वही लिहिते. दोन्ही वह्या वेळोवेळी ताडून पाहतात. २०२४ च्या निवडणुकीत बारामती मतदारसंघातील दोन्ही प्रमुख उमेदवारांच्या वहीत व सरकारी वहीत तफावत निघाली, आणि दोघींकडेही खुलासा मागण्यात आला.

आणि आता ज्यासाठी आम्ही हा लेख लिहावयास घेतला ती गोष्ट. १९६१ च्या निवडणूक नियमांतील ८८ वा नियम असे म्हणतो की, उमेदवाराने सादर केलेला हिशेब कोणाही व्यक्तीस एक रुपया शुल्क भरून पाहता येईल, आणि ठरलेले शुल्क भरल्यास त्याच्या साक्षांकित नकलाही मिळतील. कोणाही व्यक्तीस! तो मतदार असला पाहिजे, पक्षाचा असला पाहिजे, कारण सांगितले पाहिजे, असे काही नाही. एक रुपयात हल्ली दुसरे काय मिळते, ते पालकांनीच सांगावे.

परंतु हिशेब पाहावयास मिळणे निराळे व तो खरा असणे निराळे. ह्या बाबतीत महाराष्ट्रातील एक प्रकरण साऱ्या देशाला उपयोगी पडले आहे. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत तेव्हाचे मुख्यमंत्री अशोक चव्हाण नांदेड जिल्ह्यातील भोकर येथून उभे होते. विधानसभेच्या उमेदवारास त्या वेळी दहा लक्ष रुपयांची मर्यादा होती. निवडणुकीच्या दिवसांत अनेक मराठी वृत्तपत्रांत त्यांच्या कारकिर्दीचे गुणगान करणारा पानेच्या पाने मजकूर आला. त्यावर जाहिरात असा शिक्का नव्हता. पत्रकार पी. साईनाथ यांनी ती पाने जमवून एकापुढे एक मांडली, तेव्हा एकमेकांच्या स्पर्धेत असलेल्या वृत्तपत्रांत तोच मजकूर शब्दशः असल्याचे दिसून आले. दोन वर्गबंधूंच्या निबंधात एकच वाक्य त्याच चुकीसह आले तर गुरुजींस काय वाटते, ते विद्यार्थ्यांस सांगणे नको. साईनाथांनी मग खर्चाचा हिशेब पाहिला. त्यात वृत्तपत्रांतील जाहिरातींचा एकूण खर्च ५,३७९ रुपये लिहिलेला होता.

पराभूत उमेदवार माधव किन्हाळकर यांनी आयोगाकडे तक्रार केली. चव्हाण यांच्या बाजूने असे म्हणणे मांडण्यात आले की, वृत्तपत्रांनी जे छापले ते आपल्या मर्जीने छापले. त्यासाठी आपण पैसे दिलेले नाहीत. शिवाय हिशेब वेळेत आला की नाही एवढेच आयोगाने पाहावे, तो खरा की खोटा हे पाहण्याचा आयोगास अधिकार नाही, असाही मुद्दा निघाला. हा दुसरा मुद्दा मोठ्या मोलाचा होता. तो मान्य झाला असता तर कोऱ्या कागदावर आकडे लिहून सही केली की काम भागले असते. सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०१४ रोजी तो फेटाळला. हिशेबाच्या खरेपणाची चौकशी करणे हे आयोगाचे काम आहे असा निर्णय दिला. त्यानंतर जुलै २०१४ मध्ये आयोगाने चव्हाण यांनी हिशेब विहित रीतीने दिला नाही असे ठरविले. पण सप्टेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने आयोगाचा तो आदेश रद्द केला. म्हणजे चव्हाण अपात्र ठरले नाहीत. तत्त्व मात्र कायम झाले. आमच्या मते ह्या प्रकरणातील खरी शिकवण न्यायालयात नाही, ती त्या आधीची आहे: एका माणसाने वर्तमानपत्रांची कात्रणे जपून ठेवली व हिशेबाचा कागद मागून घेतला.

दुसरे उदाहरण विरुद्ध पक्षातील आहे, व ते जाणूनबुजूनच घेतो, कारण ही खोड एका पक्षाची नव्हे. जून २०१३ मध्ये मुंबईत एका पुस्तकाच्या प्रकाशनसमारंभात गोपीनाथ मुंडे यांनी भर सभेत सांगून टाकले की, २००९ ची लोकसभा निवडणूक लढविण्यास आपणास आठ कोटी रुपये लागले. मर्यादा होती पंचवीस लक्षांची. आयोगाने नोटीस काढली. मुंडे यांनी आपले बोलणे तसे शब्दशः घेऊ नये असा खुलासा केला, आणि त्यांस अपात्र ठरविले गेले नाही. २०१४ साली ते बीडमधून पुन्हा निवडूनही आले. त्यांच्या बोलण्याचा रोख निवडणुकीतील पैशाच्या वाढत्या बळावर होता, हे ध्यानात ठेवले पाहिजे. सभेत हशा पिकला असेल. पण देशातील एवढ्या मोठ्या पुढाऱ्याने असे म्हणावे व ऐकणाऱ्यांपैकी कोणासही नवल वाटू नये, ह्यात रोगाचे लक्षण दिसते.

काही सुज्ञ माणसे म्हणतात की मर्यादाच अवास्तव आहे, म्हणून लोक खोटे लिहितात. ह्यात थोडे तथ्य आहे. जानेवारी २०२२ मध्ये महाराष्ट्रात विधानसभेच्या उमेदवाराची मर्यादा चाळीस लक्ष झाली. भोर मतदारसंघात भोर, वेल्हे व मुळशी मिळून चार लक्षांवर मतदार आहेत. भागाकार सोपा आहे: मतदारामागे दहा रुपयेही पडत नाहीत. प्रत्येकास पाच रुपयांचे तिकीट लावून दोन पत्रे धाडली की सारी रक्कम टपालातच संपली. तरी हे कारण आम्हांस पुरते पटत नाही. कारण मर्यादा खरोखर अपुरी असती तर सर्वांचे आकडे तिच्या अगदी काठाशी येऊन टेकले असते. प्रत्यक्षात २०१४ च्या लोकसभेत मर्यादा सत्तर लक्षांची असताना, निवडून आलेल्यांनी दाखविलेला खर्च सरासरीने चाळीस लक्षांच्या आसपास होता, असे असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स ह्या संस्थेस आढळले. कागदावर काटकसर आणि रस्त्यावर मोटारींचे तांडे!

ह्याचे एक उत्तर असे की, सारा खर्च उमेदवाराच्या नावावर पडतच नाही. १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाने पक्षाने उमेदवारासाठी केलेला खर्चही उमेदवाराच्याच हिशेबात धरावा असे ठरविले होते. त्याच वर्षी कायदा बदलून ती वाट पुन्हा मोकळी करण्यात आली. २००३ मध्ये ती बरीच अरुंद केली खरी, तथापि पक्षाने एकंदर किती खर्च करावा यास आजही मर्यादा नाही.

मग पक्षास पैसा कोण देतो? हा प्रश्न मुंबईच्या उच्च न्यायालयापुढे १९५७ सालीच आला होता. टाटांच्या लोखंड व पोलादाच्या कंपनीस राजकीय पक्षांना देणग्या देता याव्यात म्हणून आपल्या नियमपत्रात बदल करावयाचा होता, व एका भागधारकाची त्यास हरकत होती. मुख्य न्यायाधीश महंमद अली करीम छागला यांनी कायद्यात मनाई नाही म्हणून परवानगी दिली. परंतु मोठ्या पेढ्यांच्या पैशाने लोकशाहीचा गळा दाबला जाण्याचा धोका आहे व संसदेने वेळीच बंधने घालावीत, असा स्पष्ट इशारा त्यांनी निकालपत्रात देऊन ठेवला. पुढे १९६९ मध्ये कंपन्यांच्या देणग्या बंद झाल्या, १९८५ मध्ये मर्यादेसह पुन्हा सुरू झाल्या, आणि २०१७ मध्ये ती मर्यादाही उठली. २०१८ च्या जानेवारीत निवडणूक रोखे आले. एक हजारापासून एक कोटीपर्यंतचा रोखा स्टेट बँकेतून घ्यावा व पक्षास द्यावा. देणारा कोण, हे मतदारास कळावयाचे नाही. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायाधीशांनी ही योजना घटनाबाह्य ठरविली. पक्षास पैसा कोणी दिला हे जाणण्याचा मतदारास हक्क आहे, हे त्या निकालाचे सार होय. त्याच मार्च महिन्यात नावे व रकमा प्रसिद्ध झाल्या, आणि छागलांच्या इशाऱ्यास सहासष्ट वर्षांनी उत्तर मिळाले.

हे सर्व दिल्ली-मुंबईचे झाले. आपल्या ग्रामपंचायतीसही हाच नियम लागू आहे, हे सांगितल्यावाचून लेख पुरा होणार नाही. राज्य निवडणूक आयोगाने २०१७ मध्ये ठरविल्याप्रमाणे सात ते नऊ सदस्यांच्या ग्रामपंचायतीत सदस्यपदाच्या उमेदवारास पंचवीस हजार व थेट निवडल्या जाणाऱ्या सरपंचाच्या उमेदवारास पन्नास हजार रुपये, अशी मर्यादा होती. पंधरा ते सतरा सदस्यांच्या मोठ्या गावी सरपंचासाठी ती पावणेदोन लक्ष. येथेही हिशेब तीस दिवसांत द्यावयाचा असतो. तो न देणाऱ्यास ग्रामपंचायत अधिनियमाच्या १४ ब ह्या कलमाप्रमाणे पाच वर्षांपर्यंत अपात्र ठरविता येते. ह्यात सापडतात ते बहुधा मोठे खर्च करणारे नव्हेत. ज्याने पाच-सात हजार रुपये खर्चून निवडणूक लढविली, हरला, आणि आता हिशेब कशाचा म्हणून घरी बसला, असा गरीब उमेदवारच पुष्कळदा अडकतो. ज्याचे लपविण्यासारखे काही नसते तो कागद भरावयास विसरतो. ज्याचे असते तो वकिलाकडून नीट भरून घेतो. ज्या घरातील कोणी निवडणुकीस उभे राहिले असेल, त्या घरच्या शाळकरी मुलाने निकालाच्या दिवसापासून तीस दिवस मोजून दिनदर्शिकेवर खूण करावी, आणि चहावाल्याची, छापखान्याची व जीपवाल्याची पावती एका दोऱ्यात ओवून ठेवावी.

वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांस आणखी एक अभ्यास करता येईल. पुढील निवडणुकीत आपल्या गावी ज्या सभा होतील त्यांची तारीख, खुर्च्या, मांडव व वाहने यांची नोंद एका वहीत करावी. अधिकाऱ्यांचे दरपत्रक मिळवून बेरीज करावी. निकालानंतर महिना उलटला की वडीलधाऱ्यांपैकी कोणास तरी बरोबर घेऊन जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याच्या कचेरीत जावे, एक रुपया भरावा, व आपल्या गावच्या सभेसमोर उमेदवाराने कोणता आकडा लिहिला आहे तो पाहावा. आकडे जुळले तर तसे गावात सांगावे. न जुळले तर तेही, वही दाखवून, सांगावे.