विषाणुरोधक औषधें व त्यांचे दुष्परिणाम

“औषध घेतल्यापासून अंगांत त्राण उरलें नाहीं, म्हणून तें सोडून दिलें,” असें बोलणें आपण पुष्कळदां ऐकतों. औषध विषाणूवरील असेल तर हा निर्णय किती घातक ठरतो, हें आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस कळावें म्हणून आम्ही हा विषय घेतला आहे.

प्रथम हे दुष्परिणाम कां होतात तें पाहूं. जीवाणूस स्वतःची पेशी असते व तिला भिंत असते. पेनिसिलीन ती भिंत नीट बांधूं देत नाहीं. आपल्या पेशींना तशी भिंतच नसल्यामुळें तो घाव आपल्यावर पडत नाहीं. विषाणूचें तसें नाहीं. तो आपल्याच पेशींत शिरून तेथील सामग्रीनें स्वतःच्या प्रती काढतो. घरच्यांच्या पंक्तीस बसलेल्या चोरावर काठी उगारली, तर एखादा तडाखा घरच्यांसहि बसावयाचाच.

एड्सवरील पहिलें औषध झिडोव्हुडीन यास अमेरिकेंत १९८७ सालीं मान्यता मिळाली. विषाणूची जनुकमाळ ओवली जात असतां हें औषध खोट्या मण्याप्रमाणें तींत बसतें व पुढील मणी ओवूं देत नाहीं. परंतु आपल्या अस्थिमज्जेंतहि रक्तपेशी अखंड तयार होत असतात. त्या कामास अडथळा येऊन कित्येक रोग्यांचें रक्त कमी झालें. पुढें मात्रा उतरविल्यावर हा त्रास बराच घटला.

याच्या उलट, कांजिण्या व नागीण यांवरील एसायक्लोव्हिर हें औषध मुख्यतः विषाणूच्याच विकरानें जागें होतें. म्हणून निरोगी पेशींस त्याचा उपद्रव थोडा. तरीहि शिरेवाटे मोठ्या मात्रेंत दिल्यास मूत्रपिंडांत त्याचे स्फटिक जमूं शकतात. यास्तव रोग्याच्या शरीरांत पाणी कमी पडूं देत नाहींत.

२००१ सालीं मुंबईच्या सिप्ला कंपनीनें एड्सवरील तीन औषधांचा उपचार दिवसाला एका डॉलरहूनहि कमी खर्चांत देऊं केला. अशा उपचारानें असंख्य जीव वाचले. पण त्यांतील स्टॅव्हुडीनमुळें कित्येकांच्या पायांस मुंग्या येत, गाल बसत, व चेहऱ्यावरूनच शेजाऱ्यांस रोग ओळखूं येई. २००९ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें तें हळूहळू बंद करण्याचा सल्ला दिला. आज त्याहून सौम्य औषधें मिळतात.

यावरून बोध एवढाच घ्यावयाचा, कीं दुष्परिणाम सोसून गप्प बसूं नये, आणि आपल्या मनानें औषधहि टाकूं नये. एड्ससारख्या रोगांत गोळ्या मध्येंच चुकल्या तर उरलेला विषाणू त्या औषधास दाद देईनासा होतो. मळमळ, डोकेदुखी कित्येकदां थोड्या दिवसांत ओसरते. परंतु अंगावर पुरळ उठणें, डोळे पिवळे होणें, धाप लागणें अशीं लक्षणें दिसतांच त्याच दिवशीं डॉक्टरांस गांठावें. मात्रा किंवा औषध बदलणें हें त्यांचें काम; रोग्याची तक्रार कुरकुर न समजतां त्यांच्या कानीं घालणें हें घरच्यांचें.