प्रत्येक आकडी अपस्मार नसते

मुलाला झटके आले की आमच्या दांडिया बाजारात ते तीन भाषांत सांगितले जाते. मराठी आजी 'आकडी' वा 'फेफरे' म्हणते, शेजारचे गुजराती गृहस्थ 'खेंच' किंवा 'वाई' म्हणतात, हिंदी भाषिक 'मिर्गी'. शब्द कोणताही असो, ऐकणाऱ्याच्या मनात अपस्मारच उभा राहतो आणि पुष्कळदा औषधही त्याचेच सुरू होते. परंतु अपस्मारासारखे दिसणारे, तरीही मेंदूतील असाधारण विद्युत्-स्रावाशी संबंध नसलेले झटके मुलांतही येतात. त्यांना मानसजन्य अपस्मारेतर झटके म्हणतात. वैद्यकीय लिखाणात 'पीएनईएस' ही आद्याक्षरे रूढ आहेत. समव्यावसायिकांबरोबर पालकांनाही उपयोग व्हावा, या हेतूने हा लेखनप्रपंच.

एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात शार्को यांनी अशा रुग्णांचा अभ्यास केला, तेव्हा 'हिस्टेरो-एपिलेप्सी' हे नाव प्रचलित होते. हिस्टेरिया हा शब्द ग्रंथांतून गेला. ती दृष्टी मात्र वॉर्डांतून पूर्णपणे गेलेली नाही. 'ही नाटक करते आहे' हे वाक्य आजही कानी पडते. घरी कांदा किंवा चप्पल हुंगवतात आणि काही डॉक्टर छातीच्या हाडावर मूठ घासतात. तत्त्वतः दोहोंत फारसा फरक नाही. नुसते सलाईन 'औषध' म्हणून टोचून झटका आणून दाखवणे मला अप्रशस्त वाटते. त्यात निदान कदाचित साधते, पण मुलाचा विश्वास जातो. हे झटके मूल जाणूनबुजून आणत नाही. शरीरावरील जाणिवेचा ताबा काही काळ सुटतो, तो अनैच्छिकपणे. त्यामागे भीती वा ताण बहुधा असतो, पण तो सापडलाच पाहिजे ही अट २०१३ च्या डीएसएम-५ वर्गीकरणाने काढून टाकली.

ओळख पटू नये एवढे बदल करून एक प्रातिनिधिक चित्र देतो. दहावीतील मुलगी, परीक्षा तोंडावर आलेली. पहिला झटका शिकवणीच्या वर्गात आला, पुढे आठवड्याला तीन-चार. ईईजीचा अहवाल 'किंचित सदोष', म्हणून व्हॅल्प्रोएट सुरू झाले. गुण न आल्याने मात्रा वाढली, दुसरे औषध जोडले गेले. मुलगी सुस्त झाली, झटके तेवढेच राहिले. वयात आलेल्या मुलीस व्हॅल्प्रोएट देणे ही साधी गोष्ट नव्हे. वजन, पाळी आणि पुढे गर्भ, सर्वांवर त्याचा परिणाम होऊ शकतो. आईने मोबाइलवर घेतलेले चित्रण पाहिले. झटका अठरा मिनिटांचा. डोळे घट्ट मिटलेले; पापणी उघडू गेल्यास अधिकच मिटत. मान डावी-उजवीकडे हले, हातपाय एकमेकांशी ताल न जुळता झटकले जात, मध्येच थांबत, पुन्हा सुरू होत. गालांवर अश्रू. झटका ओसरताच ती आईशी बोलू लागली.

अपस्माराचा मोठा झटका बहुधा दोन-तीन मिनिटांत आटोपतो. डोळे उघडे असतात, झटक्यांची गती क्रमाने मंदावते, नंतर ग्लानी येते, श्वास घोरल्यासारखा होतो. जिभेची कड चावली गेली असेल तर पारडे अपस्माराकडे झुकते. लघवी होणे वा खरचटणे दोन्हींत घडते, म्हणून त्यावर भिस्त नको. काही मुले तर हालचाल न करता नुसती निपचित पडतात.

येथे घाईही नको. मेंदूच्या पुढील भागातून उठणारे अपस्माराचे झटके अतिशय विचित्र दिसतात. मात्र ते बहुधा झोपेतून येतात, अल्पकाळ टिकतात आणि प्रत्येक वेळी तंतोतंत सारखे असतात. धावताना किंवा दचकून कोसळणाऱ्या मुलाचा ईसीजी काढल्यावाचून त्यास मानसिक ठरवणे धोक्याचे आहे. शिवाय काही रुग्णांत दोन्ही प्रकारचे झटके असतात.

ईईजीबद्दल गैरसमज फार. कधीही झटका न आलेल्या काही निरोगी मुलांच्या आलेखातही दोष आढळतो, आणि अपस्मार असूनही आलेख निर्दोष येऊ शकतो. झटका चालू असताना घेतलेला व्हिडिओ-ईईजी हीच खरी कसोटी. तो सर्वत्र उपलब्ध नसतो, हे ओळखून आंतरराष्ट्रीय अपस्मार संघटनेच्या कार्यगटाने २०१३ मध्ये निदानाच्या खात्रीच्या पायऱ्या ठरवल्या. जाणकार डॉक्टरने पाहिलेले चित्रण व दोन झटक्यांमधील निर्दोष ईईजी यांवर 'बहुधा' असे निदान करता येते. म्हणून पालकांना विनंती: चेहरा, डोळे व संपूर्ण शरीर दिसेल असे चित्रण करावे, मुलाला नावाने हाक मारावी आणि थांबेपर्यंत कॅमेरा बंद करू नये.

निदान सांगण्याची रीत हाच उपचाराचा आरंभ होय. मी मुलासमोरच पालकांना सांगतो: झटके खरे आहेत, ती मुद्दाम करत नाही, अपस्मार नसल्यामुळे त्याची औषधे येथे उपयोगी नाहीत, आणि हे बरे होते. सुरू असलेली औषधे घरच्या घरी एकदम बंद करू नयेत. मेंदूविकारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली क्रमाने उतरवावीत. निदान न झाल्यास धोका खरा आहे. लांबलेला झटका थांबेना म्हणून मिडाझोलामच्या मात्रा चढत जातात, श्वास मंदावतो आणि धडधाकट मूल व्हेंटिलेटरवर जाते.

मुलाशी एकांतात बोलणे मी टाळत नाही. उपरोक्त मुलगी तिसऱ्या भेटीत बोलली: शिकवणीत सर्वांसमोर गुण वाचून दाखवत. कधी छळ निघतो, कधी वाचनातील अक्षमता, कधी लैंगिक अत्याचार. तसे आढळल्यास २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार कळवणे बंधनकारक आहे. पुढील काम मानसोपचारतज्ज्ञांचे व समुपदेशकांचे. कुटुंब भुवाकडे जात असेल तर मी वाद घालत नाही. मेहसाणा जिल्ह्यातील उनावाच्या मीरा दातार दर्ग्यात 'दवा-दुआ' उपक्रमाने श्रद्धेच्या जागीच मानसोपचार उपलब्ध करून दिले, तो मार्ग मला शहाणपणाचा वाटतो.

शाळेला मी पत्र देतो. झटका आल्यास मुलाला कुशीवर निजवावे, गर्दी हटवावी, तोंडात काही घालू नये, शांत स्वरात बोलावे. झटका ओसरल्यावर घरी न पाठवता वर्गात परत बसवावे.