वाहन चालविणारे मन : सावधपणा आणि आक्रमकता

पंचवीस-तीस वर्षांपूर्वी माणच्या रस्त्यावर बैलगाडी, सायकल, भाताच्या पेंढ्याने भरलेला एखादा ट्रॅक्टर आणि ठरलेल्या वेळी येणारी बस एवढीच वाहतूक असे. पुढे शेजारी हिंजवडीला राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यान उभे राहिले आणि त्याचे पुढचे टप्पे आपल्या माणच्या हद्दीपर्यंत आले. २०१८ साली माण-हिंजवडी ते शिवाजीनगर या सुमारे २३ किलोमीटरच्या मेट्रो मार्गाचे भूमिपूजन झाले. गाव बदलले, रस्त्यावरची गर्दी बदलली. परंतु रस्त्यावर वागण्याचे शिक्षण मात्र आपणांस कोणी दिले नाही. परवाना काढताना आठाचा आकडा काढून दाखविला की आपण वाहनचालक झालो, अशी आपली समजूत आहे.

आम्ही बँकेत काउंटरवर काम करतो. दुचाकीच्या कर्जाचे अर्ज आमच्या हाताखालून जातात. नवी गाडी घेणाऱ्या मुलाच्या चेहऱ्यावरचा आनंद आम्ही पाहतो. काही वर्षांपूर्वी अशाच एका मुलाची आई मृत्यूचा दाखला घेऊन आमच्यापुढे उभी राहिली. मुलाचे बचत खाते बंद करावयाचे होते आणि गाडीचे हप्ते अजून बाकी होते. जामीनदार म्हणून वडिलांची सही होती. त्या माऊलीने एकच विचारले, "साहेब, आता हप्ता कोणी भरायचा?" त्या प्रश्नाने आम्हास हा लेख लिहावयास लावले.

सावध म्हणजे संथ नव्हे

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. सावध चालक म्हणजे भित्रा किंवा संथ चालक नव्हे. रस्त्याच्या मध्यातून रेंगाळणारा, वळताना इशारा न देणारा चालक संथ असतो, पण सावध नसतो. पुढे काय घडू शकेल याचा जो आधी विचार करतो, तो सावध. रिक्षा थांबली आहे, म्हणजे कोणीतरी उतरणार. चेंडू रस्त्यावर आला आहे, म्हणजे मागून मूल येणार. हे त्याच्या मनात आपोआप येते. आक्रमक चालक मात्र असे गृहीत धरतो की पुढचा माणूस बाजूला होईलच. एकाचा भरवसा स्वतःच्या ब्रेकवर असतो, दुसऱ्याचा समोरच्याच्या भीतीवर.

विद्यार्थ्यांनी यातील गणित समजून घ्यावे. धोका दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत साधारण एक सेकंद जातो. ताशी ४० किलोमीटर वेगात गाडी त्या एका सेकंदात ११ मीटर पुढे जाते आणि कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी सुमारे ९ मीटर घेते. एकूण २० मीटर. ताशी ८० च्या वेगात हेच अंतर सुमारे ५८ मीटर होते. वेग दुप्पट झाला, अंतर मात्र जवळजवळ तिप्पट झाले. धडकेतील ऊर्जा तर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे चौपट वाढते. आता लाभ पाहू. सहा किलोमीटरचे अंतर ताशी ४० ने नऊ मिनिटांत आणि ताशी ६० ने सहा मिनिटांत कापले जाते. मिळाली फक्त तीन मिनिटे, आणि तीही वाटेत कोठे थांबावे लागले नाही तरच!

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले आणि १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. म्हणजे दर तासाला सुमारे एकोणीस. यांपैकी दर शंभर मृत्यूंमागे सुमारे एकाहत्तर मृत्यूंचे कारण अतिवेग असे नोंदले गेले. मृतांमध्ये दुचाकीवरील माणसे सर्वांत जास्त होती.

ही सवय येते कोठून?

जन्मतः कोणीही आक्रमक चालक नसतो. ही सवय घडते, आणि ती घडविणाऱ्या गोष्टी पुष्कळ आहेत.

पहिली शाळा घर. वडिलांच्या पुढे टाकीवर बसलेले मूल सर्व पाहत असते. वडील सिग्नल तोडतात, उलट्या दिशेने जातात, वर "चालतंय रे" म्हणतात. ते मूल पुढे अठरा वर्षांचे होते तेव्हा परवाना नवा असतो, पण धडा जुना असतो.

दुसरे कारण, चुकीला मिळणारे बक्षीस. कोंडीत उलट्या बाजूने घुसणारा पुढे जातो आणि रांगेत थांबणारा मागे राहतो. ज्या वागण्याचा लगेच लाभ होतो ते वागणे माणूस पुन्हा करतो. शंभर वेळा काही झाले नाही, म्हणून एकशे एकाव्या वेळीही होणार नाही असे त्याला वाटते. वास्तविक त्या घुसण्यानेच समोरची वाट अडते आणि दहा मिनिटांची कोंडी अर्ध्या तासाची होते.

तिसरे कारण, स्वतःविषयीचा भ्रम. १९८१ साली ओला स्वेन्सन या स्वीडिश संशोधकाने चालकांना त्यांच्या कौशल्याविषयी विचारले. त्यातील अमेरिकन गटातील ९३ टक्के आणि स्वीडिश गटातील ६९ टक्के लोकांनी स्वतःला मधल्या पातळीच्या वर ठेवले. निम्म्यापेक्षा अधिक लोक मधल्या पातळीच्या वर असूच शकत नाहीत, हे शाळकरी मुलासही कळेल. आपल्याकडे विचारले तर उत्तर फार वेगळे येईल असे आम्हास वाटत नाही.

चौथे कारण, घाई आणि अपमान. वेळेवर पोहोचायचे असते, साहेबाचा चेहरा डोळ्यांपुढे असतो, आणि कोणी पुढे निघून गेला की तो आपला अपमान वाटतो. हेल्मेट किंवा काचेआडचा माणूस आपल्याला ओळखत नाही, म्हणून गावात ज्या माणसाला आपण "काका" म्हणू त्यालाच रस्त्यावर शिवी देतो.

पाचवे कारण आम्हास अधिक महत्त्वाचे वाटते. आपल्या रस्त्यावर एक उतरंड आहे. ट्रकने मोटारीला दाबायचे, मोटारीने दुचाकीला, दुचाकीने सायकलला आणि सर्वांनी मिळून पायी चालणाऱ्याला. जो जितका लहान, तितकी त्याने वाट सोडायची. अशी उतरंड आपल्या वाचकांना नवी नाही. समतेच्या गोष्टी सभागृहात बोलायच्या आणि बाहेर पडताच हॉर्न वाजवून म्हातारीला बाजूला सारायचे, हे विसंगत आहे.

दारूविषयी वेगळे सांगावयास नको. पंचशीलातील पाचवे शील मद्यास प्रमादाचे कारण मानते. स्टिअरिंग हाती असताना त्या प्रमादाची किंमत भलताच कोणी देतो.

सवय बदलते का?

बदलते, याचा पुरावा आपल्या जवळच आहे. मुंबई-पुणे द्रुतगती महामार्गावर २०१६ साली १५१ मृत्यू झाले होते. त्या वर्षी रस्ते विकास महामंडळ, पोलीस आणि एका स्वयंसेवी संस्थेने मिळून तेथे शून्य मृत्यूचा उपक्रम हाती घेतला. धोक्याच्या जागा दुरुस्त केल्या, कठडे बसविले, वेगावर नजर ठेवली. २०१९ साली हा आकडा ९२ वर आला. चालक तेच होते. रस्ता आणि पहारा बदलला. म्हणून सर्व दोष चालकावर टाकून शासनानेही मोकळे होऊ नये.

कायद्यानेही घराला जबाबदार धरले आहे. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या सुधारणेनुसार अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालकास किंवा वाहनमालकास तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. १९ मे २०२४ रोजी पुण्यात कल्याणीनगरला एका अल्पवयीन मुलाच्या मोटारीखाली दोन तरुण अभियंते ठार झाले. तेव्हा साऱ्या देशाने विचारले, की त्याच्या हाती किल्ली दिली कोणी? तो प्रश्न श्रीमंतांपुरता नाही. दहावी पास झालेल्या मुलाला "जा, दळण घेऊन ये" म्हणून गाडीची किल्ली देणारे आपणही आहोत.

आता स्वतःचे सांगणे भाग आहे. दहाच्या आत काउंटर उघडायचे म्हणून आम्हीही एका सकाळी वळणावर ट्रॅक्टर ओलांडला. पलीकडून डोक्यावर गवताचा भारा घेतलेली एक आजी येत होती. हातभर अंतराने ती वाचली. ती काही बोलली नाही, भारा सावरून चालू लागली. आम्ही मात्र रस्त्याच्या कडेला पाच मिनिटे थांबलो, हात कापत होते. त्या दिवशी काउंटर उशिराने उघडले आणि जग बुडाले नाही. तेव्हापासून आम्ही घरून दहा मिनिटे आधी निघतो. आमच्या अनुभवाने सावधपणाचा हाच सर्वांत स्वस्त उपाय आहे.

विद्यार्थी मित्रांनी एक आठवडा पुढील अभ्यास करून पाहावा. रोज रात्री वहीत तीन उत्तरे लिहावीत. आज आपण कोणाला वाट दिली? आज राग कोठे आला आणि त्यामागे खरे कारण कोणते होते? आज आपल्या वाहनामुळे कोणी घाबरले का? पालकांनीही तीच वही ठेवावी, कारण मुले ऐकण्यापेक्षा पाहून अधिक शिकतात.

त्या आईच्या प्रश्नाला बँकेच्या नियमात उत्तर होते. ते आम्ही तिला दिले. पण मुलगा कोण परत देणार, हे तिने विचारले नाही. तो प्रश्न कोणत्याही घरात विचारावा लागू नये, एवढ्यासाठी उद्या सकाळी गाडीला किल्ली लावण्यापूर्वी आपण सर्वांनी क्षणभर थांबावे, ही नम्र विनंती.